शेतांतील तान्ह्या मुलांकरितां झोळ्यांची फिरती घोडी

खुरपणीच्या हंगामांत मजुरीस येणाऱ्या बायांपैकीं दोघीतिघींच्या कडेवर तान्हें मूल असतें, हें आपणां सर्व शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. त्या मुलाचें दिवसभर काय होतें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. बांधावर झाड असल्यास फांदीस लुगड्याची झोळी बांधली जाते. नसल्यास गोणपाट अंथरून मूल बांधाच्या कडेस निजवितात. काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत तर कोसभर झाड दिसत नाहीं. तेथें ऊन, मुंग्या व विंचूकांटा हीच मुलाची सोबत. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यानें पुष्कळ स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यांत मुलांकरितां स्वतंत्र खोली ठेवण्याची सक्ति केली. पण तो कायदा कारखान्यांपुरता. शेतावरील मुलाची व्यवस्था मालकानें मनावर घेतली तरच होते.

हें मी शहाणपणानें नव्हे, चुकीनें शिकलों. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी घरची शेती पाहूं लागलों, त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. भुईमुगाच्या खुरपणीस सात बाया होत्या व शेताच्या कडेस एकच बाभूळ. झोळी कोठें बांधावी म्हणून विचारतां फांदी मींच दाखविली. दुपारीं ती फांदी चिरली व आठ महिन्यांचें मूल खालीं पडून त्याचा हात मोडला. हात पुढें सांधला. आई मला एक शब्दहि बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र ती कामास आली नाहीं. तिच्या नांवापुढें हजेरींत खाडा मांडतांना माझा हात अडखळला.

त्यानंतर मीं दोन खांब पुरून त्यांमध्यें दोर ताणला व त्यावर तीन झोळ्या टांगल्या. तिसऱ्या प्रहरापर्यंत ओल्या जमिनींत दोन्ही खांब आंत कलले व झोळ्या जमिनीस टेकल्या. कारण असें कीं, आडव्या दोरास मध्यें वजन टांगलें म्हणजे तो खांबांना आंत ओढतो. दोराच्या दोन्ही बाजू समपातळीशीं ३० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक बाजूस टांगलेल्या वजनाइतकाच ताण बसतो. दोर याहून ताठ असल्यास ताण वजनाच्या कितीतरी पट होतो. दोराऐवजीं ताठ बांबू आडवा ठेवल्यास ही ओढ राहत नाहीं, भार सरळ खालीं जातो. यावरून पुढील घोडी तयार झाली. तिला खड्डा लागत नाहीं, खुंटी लागत नाहीं.

साहित्य: भरीव बांबूचे आठ फुटी सहा पाय, आडवा दांडा चौदा फूट लांब व मध्यें आठ इंच घेराचा, आणि काथ्याची दोरी. गुळगुळीत बांबूवर नायलॉनची दोरी सरकते, काथ्या धरून राहतो. बांबू तीन वर्षांहून जून असावा व पावसाळा संपल्यावर हिंवाळ्यांत तोडावा. दोनतीन आठवडे पाण्यांत बुडवून मग सावलींत वाळविल्यास त्यास भुंगा कमी लागतो. पायाचें खालचें टोंक गांठीपाशीं कापावें, म्हणजे तें फुटत नाहीं.

बांधणी: तीन पाय शेजारीं शेजारीं ठेवून, शेंड्याकडून एक फूट सोडून, दोरी त्यांमधून खालींवर विणल्याप्रमाणें पांचसहा वेढे द्यावे. वेढे फार आवळूं नयेत. पाय फांकवितांच ते आपोआप आवळतात. पाय एकमेकांपासून पांच फुटांवर ठेवावे व सरकूं नयेत म्हणून खालून दोरीनें एकमेकांस जोडावे. दुसरी तिपाई अशीच करावी. दोन्ही तिपायांचे दोन दोन पाय आंतल्या बाजूस व एकेक बाहेरच्या बाजूस ठेवून शेंड्यांच्या बेचक्यांत दांडा ठेवावा व बांधावा. दांडा सुमारें साडेसहा फूट उंच येतो.

दोन तिपायांच्या शेंड्यांमध्यें बारा फूट अंतर ठेवावें. त्याचा हिशेब असा: दोन्ही टोंकांस दोन दोन फूट मोकळे, तीन झोळ्यांस प्रत्येकीं दोन फूट, व झोळ्यांच्या मध्यें एकेक फूट. झोळीचीं दोन्ही टोंकें दांड्यावरच बांधावीं, म्हणजे ती दांड्याला आडवी झुलते. झोळ्या एकमेकींवर आदळत नाहींत व झोका फांकलेल्या पायांच्या दिशेनें जातो. मूल आंत असतांना झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटांहून फार उंच नसावा. पहिल्या दिवशीं मुलाऐवजीं प्रत्येक झोळींत पंचवीस किलो धान्याची गोणी ठेवून घोडी हालवून पाहावी, आणि रोज सकाळीं गांठी तपासाव्या.

सावलीकरितां वरून धोतर किंवा ताडपत्री घालावी. मात्र बाजू मोकळ्या ठेवाव्या व वाऱ्यानें घोडी उचलूं नये म्हणून पायांवर मातीचीं पोतीं टाकावीं. औषधाची फवारणी चालू असेल त्या दिवशीं घोडी त्या शेतांत उभी करूं नये. विजा कडाडूं लागल्यास मुलांस पक्क्या घरांत न्यावें.

घोडी केली म्हणजे काम संपलें असें नाहीं. फार लहान मूल झोळींत वांकून त्याची हनुवटी छातीस टेकली, किंवा कापड तोंडावर आलें, तर श्वास कोंडतो. झोळीवर दोरी आवळणें तर सर्वथा वर्ज्य. म्हणून एक जाणती बाई मुलांपाशीं बसवावी व तिला पूर्ण मजुरी द्यावी. ही मजुरी वायां जाते असें म्हणणाऱ्यांनीं इतर बायांचें लक्ष दिवसभर कोठें असतें, हें एकदां बांधावर उभें राहून पाहावें.

सोडलेली घोडी दोन गडी खांद्यावर नेतात व दुसऱ्या शेतांत अर्ध्या घटकेंत उभी करतात. बैलांस गोठा आपण सांगितल्यावांचून बांधतों. हें काम त्याहून मोठें नाहीं, आणि अगत्य त्याहून अधिक आहे. कोणी वाचकांनीं यांत सुधारणा केल्यास ती या मासिकाच्या द्वारें सर्वांस कळवावी, अशी विनंति आहे.