उसनी शंका

आपल्या लेखनाविषयीचा अविश्वास लेखकाच्या ठायी उपजतच असतो, असे आपण मानतो. पुष्कळदा मात्र तो भोवतालच्या मंडळींकडून उसना घेतलेला असतो. रशियन कथाकार अंतोन चेकॉव्ह याचेच पाहा. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना, १८८० पासून, तो विनोदी साप्ताहिकांत टोपणनावाने गोष्टी लिहू लागला, तो घरखर्चाला हातभार म्हणून.

मार्च १८८६ मध्ये त्याला दिमित्री ग्रिगोरोविच या वयोवृद्ध कादंबरीकाराचे पत्र आले. (डोस्टोव्हस्कीच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित १८४५ मध्ये कवी व संपादक नेक्रासोव्ह यांच्याकडे नेणारे ते हेच!) तुमचे गुण अस्सल आहेत, घाईच्या लेखनात ते उधळू नका, असे त्यांनी कळकळीने बजावले होते. चेकॉव्ह भारावून गेला. मॉस्कोत आपले शेकडो परिचित आहेत, पण आपल्याला कलावंत मानणारा त्यांत एकही आठवत नाही. आपणही त्यांचेच मत आपलेसे केले, असे त्याने उत्तरी मोकळेपणाने लिहिले. कोणत्याही गोष्टीवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ घालविल्याचे स्मरत नाही, हेही कळविले.

१८८७ चा ‘संधिप्रकाशात’ हा कथासंग्रह त्याने ग्रिगोरोविच यांनाच अर्पण केला. त्याला १८८८ मध्ये पुश्किन पारितोषिकाचा अर्धा वाटा, म्हणजे ५०० रूबल, मिळाला. शंका तेवढ्याने गेली नाही. १८९६ मध्ये ‘सीगल’ हे नाटक पीटर्सबर्गला सपशेल पडले, तेव्हा पुन्हा नाटक लिहावयाचे नाही असे त्याने ठरविले. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक गाजविले. ‘तीन बहिणी’ आणि ‘चेरीची बाग’ ही नाटके त्यानंतरची.