अंगणातले अनोळखी झुडूप

गतवर्षी पेठेतील वखारीमागचे जुने घर आम्ही विकत घेतले, तेव्हा विहिरीच्या कठड्यापाशी दोन पुरुष उंचीचे एक झुडूप उभे होते. शेजारच्या काकूंनी ते कण्हेर म्हणून सांगितले. माळ्याने चाफ्याचा भाऊबंद ठरवले. (कुळ एकच असल्याने तोही अगदीच चुकला नव्हता.) खरे नाव जाणण्याची निकड भासली, ती चार वर्षांच्या नातवाच्या खिशात त्याची हिरवी फळे सापडली तेव्हा.

मी झाडापाशी जाऊन बसले. कण्हेरीची पाने एकेका पेरावर बहुधा तीन-तीन येतात. येथे ती एकेकटी, फांदीभोवती फिरत गेलेली. लांबी 10 ते 15 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक, वर तकाकी. पान खुडताच दुधासारखा चीक आला. फूल पिवळे, पाकळ्या पाच, एकमेकींवर पीळ घेतलेल्या, पुरती कधीच न उमलणारी जणू घंटा. तथापि खात्री पटवली ती फळाने. कण्हेरीला लांब शेंगा धरतात. हे फळ गोलसर, मधोमध कंगोरा असलेले, पिकल्यावर काळे पडणारे. फोडले तर आत कठीण, त्रिकोणी कोय.

कोय पाहताच ओळख पटली. बिट्टी! लहानपणी याच बिट्ट्यांनी आम्ही खेळत असू. ही पिवळी कण्हेर. मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील.

आमचे बालपण निभावले, हे आमचे नशीब. या झाडाचे सर्व भाग विषारी असतात, बी सर्वाधिक. त्यातील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. बी पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. फळासह डहाळी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखता येते.

मुलगा म्हणाला, “आजच तोडू.” सासूबाई म्हणाल्या, “फुलांनी लगडलेले हिरवे झाड तोडू नका, पोराला आवरा.” माझे मन मुलाकडे झुकते. तूर्त झाडाभोवती जाळी घातली आहे, फळे कोवळी असतानाच मी हातमोजे घालून काढते. काल सतरा निघाली. नातवाला लाकडी भोवरा आणून दिला आहे. तरी संध्याकाळी त्याचे खिसे मी तपासतेच.