जुन्या मोटारीचा काटा का अडतो?

गांधीबागेच्या कापड बाजारातून मोटार काढताना स्पीडोमीटरकडे पाहण्याची वेळ फारशी येत नाही. तेथे वेग गर्दीच ठरवते. खरी अडचण शहराबाहेर वर्धा मार्गाला लागल्यावर जाणवते. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आणि ॲम्बेसेडरचे २०१४ मध्ये थांबले. तरीही या मोटारी हौसेने जपणारी घरे आहेत. अशा मोटारींत काटा हलत नाही किंवा हलला तर थरथरतो, ही नेहमीची तक्रार असते. ‘आवाजावरून वेग कळतो’ असे म्हणून पुष्कळजण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु मोकळ्या, रुंद रस्त्यावर कान हमखास फसतात. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार वाहनाला स्पीडोमीटर आवश्यक आहे.

यंत्र कसे चालते?

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्समधील लहान दातेरी चाक एक लवचिक केबल फिरवते. केबलच्या दुसऱ्या टोकाला, मीटरच्या आत, चुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन बळांचा जेथे तोल साधतो, तेथे काटा थांबतो. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवरून दातेरी चाकांनी फिरतात.

दोष कोठे आहे?

निदानाची किल्ली याच फरकात आहे. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सकडील चाकात असतो. आकडे फिरतात पण काटा पडून आहे, तर मीटरच्या आत पाहावे लागेल. काटा चालतो आणि आकडे थांबले आहेत, तर मोजणीचे दातेरी चाक झिजले किंवा तुटले असावे. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कोठेतरी मुरडली आहे असे समजावे.

मीटरला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी. मागे दिव्यांच्या तारा असतात. मीटरमागची चाकी सोडवून केबल मोकळी करावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मोटार सपाट जागी थोडी ढकलावी. केबलचे चौकोनी टोक फिरले, तर खालचा भाग ठीक आहे. फिरले नाही, तर आतील तार ओढून पाहावी. ती पुष्कळदा तुटलेली आढळते.

तार अखंड असल्यास सपाट टेबलावर ठेवून बोटांनी फिरवावी. ती एकसारखी न फिरता उसळली, तर वाकली आहे, बदललेली बरी. चांगली असल्यास रॉकेलने पुसून पातळ ग्रीस लावावे, पण मीटरकडील सुमारे १५ ते २० सेंटिमीटर भाग कोरडा ठेवावा. पीळदार तार फिरताना ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरले की वाटी चुंबकाला चिकटल्यासारखी ओढली जाते आणि काटा भलताच वेग दाखवतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ग्रीस अधिकच पातळ होते, म्हणून ही काळजी महत्त्वाची. केबल बसवताना तीव्र वळण देऊ नये.

वेगाची पडताळणी

दुरुस्तीनंतर महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांचा उपयोग करावा. काटा ६० वर स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याने घड्याळ लावावे, चालकाने नव्हे. एका किलोमीटरला ६० सेकंद लागले, तर काटा खरा आहे. ७२ सेकंद लागले, तर प्रत्यक्ष वेग ताशी ५० किलोमीटरच होता. आकड्यांतही त्याच प्रमाणात चूक असेल, तर टायरचा आकार तपासावा. मूळ मापापेक्षा लहान टायर दोन्ही नोंदी वाढवून दाखवतात. आकडे बरोबर असून काटाच चुकत असेल, तर स्प्रिंग किंवा चुंबकाचा दोष असतो. ते काम जाणकार मीटर कारागिराकडेच द्यावे. बारीक स्प्रिंग एकदा वाकली की पुन्हा पूर्ववत होणे कठीण असते.

मूळ मीटर फेकून नवा बसवण्याची घाई करू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा वाहनात मूळ भागांचे मोल मोठे.

शेवटी प्रामाणिकपणाची एक बाब. मीटर बंद असताना मोटार किती धावली, हे आकडे सांगत नाहीत. म्हणून ते बंद पडल्याची आणि दुरुस्तीची तारीख, त्या वेळचा आकडा आणि मधल्या अंतराचा अंदाज वहीत नोंदवून ठेवावा. उद्या मोटार दुसऱ्याच्या हाती गेली, तर ही नोंद त्याची फसवणूक टाळेल.