इंटरनेटचा कारभार कर्नलकडे का?

ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिला लागूनच असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यातली संगणकीय जोडणी गुदमरली. दोन ठिकाणांमधले अंतर जेमतेम 400 यार्डांचे. एरवी सेकंदाला 32 हजार बिट नेणारी ही वाट सेकंदाला 40 बिटांवर आली, म्हणजे आठशे पटींनी मंदावली. तारा तुटल्या नव्हत्या की यंत्रे बंद पडली नव्हती. प्रत्येक संगणक नियमाप्रमाणेच वागत होता: पाठवलेल्या पॅकेटची पोच वेळेत आली नाही की ते हरवले असे धरायचे आणि पुन्हा पाठवायचे. गर्दीमुळे पोच उशिरा येई, उशिरामुळे तीच पॅकेटे पुन्हा रवाना होत आणि गर्दीत भर पडे. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी या कोंडीचा छडा लावला. पोच आणि पुन्हा पाठवण्याचे हे नियम सांभाळणाऱ्या टीसीपीमध्ये त्यांनी सात नव्या पद्धती घातल्या आणि 1988 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे उपाय आज नेटवर्किंगच्या पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात, पण ते नेमके कुठे बसवले गेले याची चर्चा क्वचितच होते. ईमेल पाठवणारा प्रोग्राम कोणी बदलला नाही, फाइल पाठवणाराही नाही. बदल झाला तो बर्कली युनिक्सच्या कर्नलमध्ये. ज्या संगणकावर नवा कर्नल चढला त्यावरचे टीसीपी वापरणारे सगळेच प्रोग्राम, स्वतःची एकही ओळ न बदलता, गर्दीत सबुरीने वागू लागले.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरवर कोणाची पाळी, मेमरीचा कोणता तुकडा कोणाचा, डिस्कला आणि नेटवर्क कार्डाला हात कोणी लावायचा, हे तो ठरवतो. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली रीत. ही रीत पाळण्याचे काम कर्नलने का करावे, असे विचारले तर बहुतेकदा उत्तर मिळते की तो हार्डवेअरच्या सर्वांत जवळ आहे, म्हणून त्याच्याकडून ते वेगाने होते. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि गेल्या पंधरा वर्षांतल्या घडामोडींनी तर ते बरेचसे खोटेच ठरवले आहे. खरे कारण वाटणीत आहे. एका यंत्रावर एकमेकांवर भरवसा नसलेले शेकडो प्रोग्राम चालतात आणि ते यंत्र ज्या जाळ्याला जोडलेले असते तेही लाखो अनोळखी लोकांचे सामाईक असते. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवणारा पाटकरी पाणी निर्माण करत नाही की ते जोराने ढकलत नाही. तरी तो नसेल तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. नेटवर्कच्या बाबतीत कर्नलचे स्थान त्याच प्रकारचे आहे.

आज आपण वापरतो ती या कारभाराची चौकट 1983 मध्ये आली. त्या वर्षी 1 जानेवारीला अर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी स्वीकारला आणि त्याच वर्षी बर्कलीहून युनिक्सची 4.2 बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘सॉकेट’ नावाची सोय होती. प्रोग्रामने कर्नलकडे सॉकेट मागायचे आणि मागताना तीन गोष्टी सांगायच्या: प्रोटोकॉलचे कुटुंब कोणते, जोडणी कोणत्या प्रकारची आणि त्यातला नेमका प्रोटोकॉल कोणता. कर्नल त्याला एक लहानसा क्रमांक देतो. पुढे फाइल वाचावी-लिहावी तसे त्या क्रमांकावर वाचायचे आणि लिहायचे. पॅकेट हरवले का, क्रम चुकला का, पलीकडचा संगणक थकला का, याची काळजी प्रोग्रामने वाहायची नाही. ‘कुटुंब’ ही पहिली बाब मला फार दूरदृष्टीची वाटते. टीसीपी-आयपी जिंकेल याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती. म्हणून बर्कलीच्या मंडळींनी कर्नलमध्ये प्रोटोकॉलांचा एक तक्ता ठेवला. प्रत्येक प्रोटोकॉलने आपापली फंक्शने त्यात नोंदवायची आणि वरच्या सॉकेटच्या भागाने तक्त्यात पाहून योग्य फंक्शनला हाक मारायची. 1986 च्या 4.3 बीएसडीत झेरॉक्सचा एक्सएनएस हा प्रोटोकॉल याच तक्त्यात जाऊन बसला. दहा वर्षांनी आयपीव्ही6 आले, तेही याच दारातून. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती आयपीव्ही6 घेऊनच, आणि बघता बघता कोट्यवधी भारतीय फोन नव्या पत्त्यांवर बोलू लागले. फोनमधल्या लिनक्स कर्नलला त्यासाठी नवे घर बांधावे लागले नाही. जागा आधीच राखलेली होती. अर्थात ही आखणी निर्दोष नव्हती. पत्ता 32 बिटांचाच असणार असे गृहीत धरून लिहिलेले असंख्य प्रोग्राम दुरुस्त करावे लागले, कारण पत्ता कर्नलपुरता न ठेवता प्रोग्रामच्या हाती दिला होता. जिथे आतला तपशील बाहेर पाझरला तिथेच पुढे दुखणे उद्भवले, हेही ध्यानात घ्यायला हवे.

फोनवर किंवा सर्व्हरवर एखादे पॅकेट येते तेव्हा आत काय घडते, ते लिनक्सच्या उदाहरणाने पाहू. नेटवर्क कार्ड पॅकेटचे बिट थेट मेमरीत आधीच नेमलेल्या जागी लिहिते आणि इंटरप्ट देऊन प्रोसेसरला हाक मारते. हातातले काम बाजूला ठेवून प्रोसेसर हाकेला ओ देतो. मात्र प्रत्येक पॅकेटमागे अशी हाक आली तर काय होते, हे मोगल आणि रामकृष्णन यांनी 1996 मध्ये दाखवून दिले: पॅकेटांचा ओघ वाढला की यंत्र नुसत्या हाका ऐकण्यातच संपते आणि एकही पॅकेट प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. म्हणून लिनक्सने पुढे वेगळी रीत धरली. पहिली हाक आली की पुढच्या हाका बंद करायच्या, कर्नलने स्वतः जाऊन साठलेली पॅकेटे उचलायची, एका फेरीत साधारणपणे 64, आणि ढीग संपला की हाका पुन्हा सुरू करायच्या. उचललेल्या प्रत्येक पॅकेटसोबत कर्नल एक नोंदपत्र ठेवतो. मग ओळख पटवणे सुरू होते. इथरनेटच्या शीर्षकातला आकडा सांगतो की आत आयपीव्ही4 आहे की आयपीव्ही6. आयपीच्या शीर्षकातला आकडा 6 असेल तर आत टीसीपी, 17 असेल तर यूडीपी. शेवटी दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक मिळून सॉकेट सापडते. पॅकेटातला मजकूर त्या सॉकेटच्या रांगेत लागतो, झोपलेला प्रोग्राम जागा होतो आणि मजकुराची प्रत त्याच्या मेमरीत उतरते. या साऱ्या प्रवासात निर्णायक क्षण म्हणजे सॉकेट सापडण्याचा. हे पॅकेट बँकेच्या ॲपचे आहे आणि शेजारी चालणाऱ्या खेळाचे नाही, हे तिथे ठरते. तो निवाडा त्या दोघांपैकी एकाकडे सोपवून चालणार नाही.

बर्कलीच्या कोंडीनंतरचा दुसरा पुरावा 1996 चा. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर एक हल्ला झाला. टीसीपीची जोडणी तीन टप्प्यांत जुळते: एकाने विनंती करायची, दुसऱ्याने होकार द्यायचा, पहिल्याने त्या होकाराची पोच द्यायची. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून केवळ विनंत्या पाठवत राहिले. प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरचा कर्नल रांगेत जागा राखून ठेवी, रांग भरे आणि खऱ्या ग्राहकाला दार बंद दिसे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवलेला उपाय फार सुंदर होता: जागा राखायचीच नाही. जोडणीची आवश्यक माहिती गणिती पद्धतीने होकाराच्या क्रमांकातच गुंफून पाठवायची. समोरचा खरा असेल तर तोच क्रमांक पोचेबरोबर परत येईल आणि त्यातून जोडणी उभी करता येईल. ही युक्तीही कर्नलमध्ये बसली आणि वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांना काहीच करावे लागले नाही. 1986 ची कोंडी आणि 1996 चा हल्ला यांचे स्वरूप वेगळे, पण दोन्ही वेळा एका जागी केलेली दुरुस्ती साऱ्यांना लाभली. प्रत्येक प्रोग्रामने आपापला टीसीपी बाळगला असता तर ती दुरुस्ती हजारो ठिकाणी करावी लागली असती, आणि बहुतेक ठिकाणी झालीच नसती.

यावरचा पहिला आक्षेप वेगाचा, आणि तो भक्कम आहे. सेकंदाला 10 गिगाबिट वेगाच्या तारेवरून लहानात लहान पॅकेटे आली तर सेकंदाला 1 कोटी 48 लाखांहून अधिक येतात. म्हणजे एका पॅकेटला सुमारे 67 नॅनोसेकंद मिळतात. इतक्या अवधीत मेमरीतून काही आणायला गेले तर तेवढ्यातच वेळ सरतो. नोंदपत्र बनवणे, रांगा, प्रती काढणे यांना जागाच उरत नाही. म्हणून इंटेलने सुरू केलेल्या डीपीडीके या प्रकल्पाने कर्नलला वळसा घातला: कार्ड थेट प्रोग्रामच्या ताब्यात द्यायचे आणि प्रोग्रामने ते अखंड न्याहाळत राहायचे. वेग प्रचंड वाढला. पण त्याची किंमत पाहा. ते कार्ड त्या प्रोग्रामचेच होऊन बसते, प्रोसेसरचा एक गाभा पॅकेटे येवोत न येवोत सतत राबत राहतो आणि टीसीपी हवा असेल तर तो वेगळा आणावा लागतो. दूरसंचार कंपनीच्या एकाच कामाला वाहिलेल्या यंत्रावर हा सौदा रास्त आहे, कारण तिथे वाटणीच नाही. जिथे वाटणी आहे, म्हणजे फोनवर, घरच्या लॅपटॉपवर, अनेकांचे प्रोग्राम वाहणाऱ्या सर्व्हरवर, तिथे डीपीडीके सहसा दिसत नाही. जो माझ्या मुद्द्याविरुद्धचा दाखला म्हणून पुढे केला जातो, तोच त्याला दुजोरा देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. कर्नलमध्ये गेलेली गोष्ट गोठते. एससीटीपी हा टीसीपीपेक्षा अनेक बाबतींत सरस प्रोटोकॉल 2000 मध्ये प्रमाणित झाला, लिनक्सनेही तो घेतला, पण सार्वजनिक इंटरनेटवर तो रुजला नाही. वाटेतले राउटर आणि फायरवॉल टीसीपी व यूडीपीखेरीज काही ओळखत नव्हते आणि वापरात असलेल्या साऱ्या कर्नलांत तो कधीच आला नाही. विकलेल्या फोनचा कर्नल कित्येकदा वर्षानुवर्षे तसाच राहतो. ब्राउझर मात्र दर काही आठवड्यांनी बदलतो. गूगलने हा फरक हेरला आणि क्विक हा प्रोटोकॉल ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरच्या प्रोग्राममध्येच बांधला. मे 2021 मध्ये तो प्रमाणित झाला आणि आज एचटीटीपीची तिसरी आवृत्ती त्याच्यावरच चालते. हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवणे, गर्दीत वेग आवरणे, मजकूर कुलूपबंद करणे, ही सारी कामे कर्नलबाहेर आली. मग माझा दावा कोसळला का? नाही. क्विकचे प्रत्येक पॅकेट यूडीपीच्या सॉकेटातून जाते. कार्डाची वाटणी, पोर्टांची मालकी, कोणते पॅकेट कोणाचे हा निवाडा अजून कर्नलच करतो. बाहेर गेली ती प्रोटोकॉलची विचारशक्ती, आणि ती जावी हे मला पटते, कारण विचार बदलते राहिले पाहिजेत. मात्र एक गोष्ट निसटली आहे हे मान्य करायला हवे. गर्दीत सबुरीने वागण्याची हमी पूर्वी टीसीपी वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आपोआप मिळे. क्विकमध्ये ती ज्याच्या-त्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेली आहे. मोठ्या कंपन्या आज ती पाळतात, पण पाळण्याची सक्ती त्यांच्यावर कोणाचीच नाही. शिवाय हे बाहेर येणे फुकट नाही. गूगलच्याच अभियंत्यांनी 2017 मध्ये लिहिले की क्विकला सुरुवातीला टीसीपीच्या साडेतीन पट प्रोसेसर लागे आणि बऱ्याच खटपटीनंतर ते प्रमाण दुपटीवर आले.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कर्नलमधली चूक साऱ्या यंत्राला घेऊन बुडते. 2019 मध्ये लिनक्सच्या टीसीपीत अशी त्रुटी सापडली की विशिष्ट रचनेची पॅकेटे दुरून पाठवून अख्खा सर्व्हर बंद पाडता येई. ती शोधणारा अभियंता नेटफ्लिक्सचा होता. मग प्रोटोकॉल एखाद्या वेगळ्या, कुंपण घातलेल्या प्रोग्राममध्ये का ठेवू नयेत? मिनिक्स 3 मध्ये नेमके तेच केले आहे, आणि एमआयटीचे डेव्हिड क्लार्क यांनी 1982 मध्येच हे पर्याय मांडले होते: स्वतंत्र प्रोग्राम, कर्नल किंवा निराळा प्रोसेसर. माझे म्हणणे एवढेच की तो कुंपणातला प्रोग्रामही सगळ्यांचा मिळून एकच असतो आणि त्याच्यावर सगळ्यांना भरवसा ठेवावा लागतो. त्याचा पत्ता बदलतो, भूमिका तीच राहते.

या रस्सीखेचीतून निघालेली सर्वांत आश्वासक वाट ईबीपीएफची आहे. तिचे मूळ 1992 मध्ये जेकबसन आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी रचलेल्या पॅकेट-गाळणीत आहे. बाहेरच्या माणसाने लहानसा प्रोग्राम लिहायचा आणि कर्नलने तो चालवण्यापूर्वी तपासायचा: तो नक्की थांबतो का, मेमरीत आपल्या हद्दीबाहेर डोकावतो का. तपासणीत उतरला तरच तो आत येतो. 2016 पासून असे प्रोग्राम एक्सडीपीच्या रूपाने नेटवर्क कार्डाच्या अगदी तोंडाशी बसवता येतात, आणि 2018 च्या मोजणीत प्रोसेसरच्या एका गाभ्यावर सेकंदाला 2 कोटी 40 लाख पॅकेटे टाकून देण्यापर्यंत मजल गेली. वेगही मिळाला आणि निवाडाही हातचा गेला नाही. तपासणाऱ्या कोडमध्येच पुढे त्रुटी निघाल्या, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला ही मुभा आता बहुतेक ठिकाणी मुळातच दिलेली नसते. तरीही इथे शोधली जाणारी रेघ मला बरोबर वाटते: नियम बाहेरून येऊ द्यायचे, अंमल आत ठेवायचा. 2025 मध्ये क्विकच लिनक्स कर्नलमध्ये आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याची मांडणीही अशीच होती. सुरुवातीच्या ओळखपाळखीचे, किल्ल्या ठरवण्याचे गुंतागुंतीचे काम बाहेरच्या प्रोग्रामकडे ठेवायचे आणि त्यानंतरची पॅकेटांची ने-आण कर्नलने करायची.