नागवल्ली कुणाच्या अंगात आली?

‘भूलभुलैया’तली मंजुलिका आपल्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिली असेल. या मंजुलिकेचं माहेर केरळात आहे. तिथं १९९३ साली मल्याळम भाषेत ‘मणिचित्रताळ’ नावाचा सिनेमा आला. नावाचा अर्थ नक्षीदार कुलूप. दिग्दर्शक फाझिल, कथा मधु मुट्टम यांची. यातल्या कामासाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं हीच गोष्ट कन्नड, तमिळ आणि २००७ साली हिंदीत आली.

गोष्ट अशी. नकुलन आणि त्याची बायको गंगा गावाकडच्या जुन्या वाड्यात राहायला येतात. वाड्यातली एक खोली कुलूपबंद असते. घरातले सांगतात, पूर्वी इथल्या मालकानं तंजावरची नर्तकी नागवल्ली आणून ठेवली. तिचं प्रेम दुसऱ्यावर होतं, म्हणून मालकानं तिला मारलं. तिचा सूड घेणारा आत्मा त्या खोलीत कोंडलाय. गंगा ते कुलूप उघडवते आणि वाड्यात भलतंसलतं घडू लागतं. वस्तू फुटतात, रात्री पैंजण वाजतात.

आता नीट ऐका. घरातला संशय कुणावर जातो? श्रीदेवीवर. तिच्या पत्रिकेत मंगळ, त्यामुळं नकुलनशी तिचं लग्न होऊ शकलेलं नसतं. घरात जिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, बोट तिच्याकडंच वळतं. आपल्या गावातही असंच होतं ना? विधवा, टाकलेली, मूल नसलेली, तिच्यावरच आधी आळ येतो.

नकुलनचा मित्र डॉ. सनी मनाच्या आजाराचा डॉक्टर असतो. तो शोध घेतो आणि कळतं, हे सगळं करते ती गंगाच, आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. लहानपणी आईवडील कोलकात्याला आणि ती गावी आजीजवळ. एकटेपणात ती आजीच्या गोष्टींत रमायची. पुढं अचानक गाव सोडायची वेळ आली, तेव्हा मनाला मोठा धक्का बसला. नागवल्लीचं दुःख ऐकून ती जुनी जखम पुन्हा उघडली. म्हणजे भूत खोलीत नव्हतंच, दुखणं मनात होतं.

सिनेमात मांत्रिकही आहे. तो डॉक्टरशी भांडत नाही, त्याच्या उपचाराला साथ देतो. नागवल्लीला सूड हवा असतो, म्हणून तिच्यासमोर नकुलनच्या जागी पुतळा ठेवतात. तिचा सूड पुरा होतो आणि गंगा शुद्धीवर येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू या. सिनेमात एका रात्रीत बरं होतं, तसं खऱ्या आयुष्यात होत नाही. औषधं, डॉक्टरांशी वरचेवर बोलणं आणि घरच्यांची साथ, याला महिनोन्‌महिने लागू शकतात. शिवाय मनाचा आजार झालेलं माणूस सिनेमातल्यासारखं कुणाच्या जिवावर उठतंच असं नाही. बहुतेक जण आपलं दुःख गप्प सोसत असतात.

मग एखादीच्या अंगात येतं, ती घुमते, झोपत नाही, एकटीच बडबडते, तेव्हा गटानं काय करायचं? तिला नावं ठेवायची नाहीत. तिच्या आयुष्यात अलीकडं काय घडलं ते शांतपणे विचारायचं. घरी मारहाण होते का, बाळंतपण नुकतं झालंय का, कुणी गेलंय का? मग आशाताईंना सांगून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायचं. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, तिथं कधीही बोलता येतं. ती जीव द्यायचं बोलत असेल, तर एकटं सोडायचं नाही आणि उशीर करायचा नाही.

भूत उतरवतो म्हणून कुणी बांधून घालत असेल, मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करता येते.

देवावरची श्रद्धा ज्याची त्याची. दिवा लावा, नवस बोला, पण दवाखाना चुकवू नका. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा, आपल्यातली कोण बरेच दिवस गप्प आहे? आणि तिच्या घरी दोघी मिळून जाऊन या.