अरीथा फ्रँकलिनचे सन्मान : वर्ग, समाज आणि राजमान्यता

कलावंताला मिळालेल्या पारितोषिकांची यादी सामान्यतः चरित्राच्या अखेरीस परिशिष्टात दिली जाते आणि चिकित्सक अभ्यासक तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. ही उपेक्षा सर्वस्वी योग्य नव्हे. पारितोषिक देणारी संस्था कलावंताच्या गुणांविषयी जितके सांगते, तितकेच ती स्वतःच्या वर्गीकरणाविषयीही सांगत असते. अमेरिकेतील 'सोल' संगीताची सर्वश्रेष्ठ गायिका म्हणून मान्यता पावलेल्या अरीथा फ्रँकलिन हिच्या सन्मानांचा विचार या दृष्टीने केल्यास एक विलक्षण प्रश्न उपस्थित होतो. ज्या गायिकेला व्यावसायिक संगीतसृष्टीने इतकी पारितोषिके दिली, तिला त्याच सृष्टीने आपल्या मुख्य दालनात कधीच का बसविले नाही?

अरीथाचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी मेम्फिस येथे झाला आणि १६ ऑगस्ट २०१८ रोजी डेट्रॉइट येथे तिचे निधन झाले. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटमधील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका कृष्णवर्णीय समाजात दूरवर ऐकल्या जात. अरीथाचे गाणे घडले ते या चर्चमध्ये. उपदेशकाच्या प्रत्येक वाक्याला समुदायाने प्रतिसाद द्यावा, स्वर चढत चढत आर्ततेच्या टोकाला न्यावा, एकच शब्द अनेक स्वरांतून फिरवावा, ही गॉस्पेल भक्तिगीतांची रीत होय. तीच रीत लौकिक विषयांच्या गीतांना लावली गेली, तेव्हा जे संगीत निर्माण झाले त्याला 'सोल', म्हणजे आत्मा, हे नाव मिळाले. १९६० मध्ये कोलंबिया कंपनीने तिला करारबद्ध केले. पण तेथील सहा वर्षांत तिच्या या मूळ संस्काराचा पुरता उपयोग झाला नाही. तो झाला १९६७ मध्ये, अटलांटिक कंपनीत, निर्माता जेरी वेक्सलर याच्या देखरेखीखाली.

वेक्सलर या नावापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. १९४९ पूर्वी 'बिलबोर्ड' हे व्यापारी नियतकालिक कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांच्या खपाचा तक्ता 'रेस रेकॉर्ड्‌स' या शीर्षकाखाली छापीत असे. हे शीर्षक खटकणारे असल्यामुळे त्या वर्षी ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे करण्यात आले. हे नवे नाव सुचविणारा त्या नियतकालिकाचा तरुण वार्ताहर म्हणजे हाच वेक्सलर. नाव बदलले, परंतु तक्ता वेगळाच राहिला. १९६९ मध्ये त्याला 'सोल', १९८२ मध्ये 'ब्लॅक' आणि १९९० मध्ये पुन्हा 'आर अँड बी' असे म्हटले गेले. दालनाच्या दारावरची पाटी वारंवार बदलत होती, पण भिंत जागची हलली नव्हती. पुढे ग्रॅमी पारितोषिकांनीही आपल्या वर्गांसाठी हीच परिभाषा स्वीकारली.

ग्रॅमी पारितोषिके ध्वनिमुद्रण-व्यवसायातील व्यक्तींच्या अकादमीतर्फे सभासदांच्या मतदानाने दिली जातात. पहिला समारंभ १९५९ मध्ये झाला. (येथे दिलेली ग्रॅमीची वर्षे समारंभाची आहेत, ध्वनिमुद्रिका बहुधा आदल्या वर्षीची असते.) त्या समारंभात रिदम अँड ब्लूजसाठी एकच पारितोषिक होते आणि ते 'टकीला' या जवळजवळ निःशब्द वाद्यरचनेला देण्यात आले. गायनासाठीच प्रसिद्ध असलेल्या परंपरेचा हा पहिला गौरव जाणकारांना आजही चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. १९६८ मध्ये या विभागात गायिकांसाठी प्रथमच स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आणि पहिले पारितोषिक अरीथाला 'रिस्पेक्ट' या गीतासाठी मिळाले. त्याच गीताला त्या विभागातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचेही पारितोषिक मिळाले. हे गीत मूळचे ओटिस रेडिंग याचे, १९६५ मधील. श्रमून घरी परतणाऱ्या पुरुषाची ती मागणी होती. अरीथाने त्यात भर घालून, ठेका व प्रतिसाद बदलून, तीच मागणी स्त्रीच्या मुखी घातली. नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या दिवसांत श्रोत्यांनी तिला आणखी व्यापक अर्थ दिला. जून १९६७ मध्ये हे गीत बिलबोर्डच्या सर्वसाधारण तक्त्यात, म्हणजे रंगभेद न करणाऱ्या यादीत, पहिल्या स्थानी होते. श्रोत्यांनी भिंत ओलांडली होती असा याचा सरळ अर्थ होतो.

अकादमीने मात्र ती ओलांडली नाही. १९६८ पासून १९७५ पर्यंत सलग आठ वर्षे हे गायिकांचे पारितोषिक अरीथालाच मिळाले. १९७६ मध्ये नॅटली कोल हिने ही मालिका खंडित केली. पुढे १९८२, १९८६ व १९८८ मध्ये अरीथाने ते पुन्हा मिळविले. अशा रीतीने एकाच वर्गातील अकरा पारितोषिके तिच्या नावावर जमा झाली. २०१२ च्या समारंभापासून अकादमीने स्त्री-पुरुष असे वेगळे वर्ग मोडीत काढल्यामुळे हा विक्रम आता कोणालाही मोडता येणार नाही. तिच्या एकूण स्पर्धात्मक ग्रॅमींची संख्या अठरा भरते आणि ती अठराही रिदम अँड ब्लूज किंवा गॉस्पेल या दोन विभागांतील आहेत. वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका, सर्वोत्कृष्ट दीर्घ ध्वनिमुद्रिका अथवा सर्वोत्कृष्ट गीत या सर्वसाधारण विभागातील एकही पारितोषिक तिच्या वाट्याला आले नाही.

ही वस्तुस्थिती निव्वळ योगायोगाची नव्हे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. पॉल सायमन याने रचलेल्या 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' या गीताची सायमन व गारफंकल यांनी गायलेली ध्वनिमुद्रिका १९७१ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका ठरली; गीतालाही सर्वोत्कृष्ट गीताचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, तेच गीत गाऊन अरीथाने पारितोषिक मिळविले ते रिदम अँड ब्लूज गायिकांच्या वर्गात. गीत एकच, गायनपद्धती वेगळी, म्हणून वर्गही वेगळा, असा युक्तिवाद करता येईल आणि तो अगदीच निराधार नाही, कारण अरीथाने त्या गीताला खरोखरच चर्चच्या वळणावर नेले आहे. तथापि, गंमत अशी की सायमनला या रचनेची प्रेरणा कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल गायनातूनच मिळाली होती. म्हणजे ज्या परंपरेतून गीत उगवले, त्या परंपरेत ते परत गेल्यावर मात्र त्याला बाजूच्या दालनात जागा मिळाली.

भक्तिगीतांच्या बाबतीत तर वर्गीकरणाची ही सूक्ष्मता अधिकच नजरेत भरते. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमधील वॉट्स वस्तीतील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये, रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड व त्यांच्या गायकवृंदासह, दोन रात्रींत 'अमेझिंग ग्रेस' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका भाविकांच्या उपस्थितीत मुद्रित झाली. गॉस्पेलच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांत तिची गणना होते. १९७३ च्या समारंभात ख्रिस्ती भक्तिसंगीतासाठी तीन वेगवेगळी पारितोषिके होती. 'प्रेरणादायी' वर्गाचे पारितोषिक एल्व्हिस प्रेस्लीला मिळाले, 'गॉस्पेल' वर्गाचे ब्लॅकवुड ब्रदर्स या चमूला आणि 'सोल गॉस्पेल' वर्गाचे अरीथाला. तिघांचा देव एकच होता. फरक होता तो गाण्याच्या रीतीचा आणि ती रीत ज्या समाजाची, त्या समाजाचा.

याच १९७३ च्या समारंभाशी निगडित एक प्रसंग पारितोषिकांच्या इतिहासात क्वचितच आढळणारा आहे. गायिकांच्या वर्गात अरीथाची स्पर्धक एस्थर फिलिप्स ही होती. बालवयात कीर्ती मिळवून पुढे व्यसनाधीनतेशी झगडलेल्या या गायिकेची 'फ्रॉम अ व्हिस्पर टू अ स्क्रीम' ही मुद्रिका त्या वर्षी विचारार्थ होती. निवड झाली ती नेहमीप्रमाणे अरीथाची. परंतु हे पारितोषिक वास्तविक एस्थरलाच मिळावयास हवे होते असे म्हणून अरीथाने मिळालेले मानचिन्ह तिच्या हाती दिले. या कृतीतील औदार्य उघडच आहे. त्याखेरीज तीत एक टीकाही दडलेली आहे. मोठे दालन बंद असल्यामुळे एका अद्वितीय गायिकेला वर्षानुवर्षे त्याच लहान दालनात सन्मानित केले गेले, तर तेथील इतर गायिकांसाठी जागा उरत नाही. अरीथाच्या सलग आठ पारितोषिकांचा गौरव करताना त्यांची ही दुसरी बाजू चरित्रकार बहुधा विसरतात.

तिच्या स्वतःच्या समाजाने केलेले सन्मान याहून निराळ्या जातीचे होते. त्यांत मतदान नव्हते, वर्ग नव्हते. साठच्या दशकात शिकागोच्या रीगल थिएटरात नभोवाणी-निवेदक पर्व्हिस स्पॅन याने तिच्या मस्तकी मुकुट ठेवला आणि 'क्वीन ऑफ सोल' ही पदवी तिला कायमची चिकटली. १६ फेब्रुवारी १९६८ हा दिवस डेट्रॉइटच्या महापौरांनी 'अरीथा फ्रँकलिन दिन' म्हणून घोषित केला. त्या रात्रीच्या तिच्या जलशात मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतः उपस्थित राहून आपल्या संघटनेच्या वतीने तिचा सत्कार केला. किंग हे तिच्या वडिलांचे स्नेही होते. १९६३ मधील डेट्रॉइटच्या मोठ्या मोर्चात दोघे बरोबर होते. पहिले ग्रॅमी तिला मिळाले ते या सत्कारानंतर तेराव्या दिवशी, २९ फेब्रुवारीस. पुढे सात आठवड्यांच्या आतच किंग यांची हत्या झाली. आपल्याकडे लोकमान्यता आणि राजमान्यता असा जो भेद करतात, त्यातील लोकमान्यता तिला व्यवसायाच्या मान्यतेच्या अगोदर मिळाली होती, हे या दोन तारखांच्या क्रमावरूनही दिसते.

राजमान्यता पुष्कळ उशिरा आली, पण आली तेव्हा सढळ हाताने आली. १९८५ मध्ये मिशिगन राज्याच्या विधिमंडळाने तिचा आवाज ही राज्याची नैसर्गिक संपत्ती असल्याचे जाहीर केले. तांबे, अरण्ये आणि महासरोवरे यांच्या पंक्तीस एका कंठाला बसविणारा हा ठराव हास्यास्पद वाटण्याइतका रम्य आहे. मात्र व्यवसायाच्या कोणत्याही वर्गात तो बसत नाही, हीच त्याची थोरवी. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रथम निवडलेले सर्व कलावंत पुरुष होते. १९८७ मध्ये तेथे प्रवेश मिळविणारी पहिली स्त्री अरीथा होय. १९९४ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, १९९९ मध्ये राष्ट्रीय कला पदक आणि २००५ मध्ये अध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक हे तिला क्रमाने मिळाले. विद्यापीठांनीही सन्माननीय पदव्या दिल्या. त्यांत येल (२०१०), प्रिन्स्टन (२०१२) व हार्वर्ड (२०१४) यांचा समावेश होतो. हार्वर्डच्या समारंभात पदवी स्वीकारण्यास आलेल्या या विदुषीने पियानोवर बसून राष्ट्रगीत गायिले.

मरणोत्तर मिळालेला एक सन्मान मूळ प्रश्नाशी थेट निगडित आहे. २०१९ मध्ये पुलित्झर मंडळाने पाच दशकांहून अधिक काळच्या तिच्या कार्याबद्दल तिला विशेष प्रशस्तिपत्र दिले. १९३० पासून चालत आलेले हे प्रशस्तिपत्र व्यक्तिशः मिळविणारी ती पहिली स्त्री. पुलित्झरचे संगीतविषयक पारितोषिक दीर्घकाळ पाश्चात्य अभिजात परंपरेतील लिखित रचनांसाठीच राखलेले होते. १९६५ मध्ये परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन याच्या विशेष गौरवाची शिफारस केली असता मंडळाने ती फेटाळली आणि त्या निषेधार्थ दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टनला प्रशस्तिपत्र मिळाले ते १९९९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. थेलोनियस मंक (२००६) व जॉन कोल्ट्रेन (२००७) यांचेही तसेच झाले. विशेष प्रशस्तिपत्र म्हणजे मुख्य पारितोषिकाच्या बाहेरचा सन्मान. म्हणजे पुन्हा एक वेगळे दालन, मात्र या वेळी अधिक प्रतिष्ठेचे. मुख्य संगीत-पारितोषिक अभिजात अथवा जॅझ परंपरेबाहेरील कलावंताला प्रथमच मिळाले ते २०१८ मध्ये, रॅप-गायक केंड्रिक लामार याला. त्याची घोषणा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झाली, तेव्हा अरीथा हयात होती. तिच्या स्वतःच्या प्रशस्तिपत्राची घोषणा झाली ती पुढील एप्रिलमध्ये, तिच्या निधनानंतर आठ महिन्यांनी.