झोपेचा हिशोब, गोळीशिवाय

देहूत दिवस पहाटेच सुरू होतो. काकड्याला जाणारी, सडा-रांगोळी उजाडायच्या आत उरकणारी पिढी गावात अजून आहे. त्याच गावात कंपन्यांच्या बस रात्री उशिरापर्यंत माणसे उतरवत असतात. चाकण, तळवडे, भोसरी या भागांतली दुसरी पाळी संपवून मुलगा मध्यरात्रीनंतर घरी येतो आणि पहिल्या पाळीची सून पहाटे पाचला डबा भरायला उठते. या दोन वेळापत्रकांच्या मध्ये घरातल्या ज्येष्ठांची झोप अडकलेली असते. ‘रात्री अडीचला जाग येते, मग काही केल्या डोळा लागत नाही,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि पुष्कळदा तिचा शेवट औषधाच्या दुकानात, झोपेच्या गोळीने होतो.

गोळी लागतेच असे नाही. झोपेची सवय बदलून निद्रानाश बरा करण्याची पद्धत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत विकसित झाली असून ती ज्येष्ठांमध्येही तपासली गेली आहे. तिचे मुख्य सूत्र मात्र पहिल्यांदा ऐकताना उलटेच वाटते. झोप कमी येत असेल तर अंथरुणात जास्त वेळ पडून राहायचे नाही, उलट तो वेळ कमी करायचा.

झोप कमी होते की लवकर येते?

झोपेवर शरीरातल्या दोन यंत्रणांचा ताबा असतो. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्यांची मांडणी केली. पहिली यंत्रणा म्हणजे ‘झोपेची भूक’. माणूस जितका वेळ जागा राहतो तितका मेंदूत अॅडेनोसिन हा पदार्थ साठत जातो आणि झोपेचा दाब वाढतो. झोप झाली की तो उतरतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतले चोवीस तासांचे घड्याळ. ते प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून आपली वेळ लावून घेते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वय वाढते तसे दोन्हींत बदल होतात. गाढ झोपेचा वाटा घटतो, त्यामुळे दार वाजले, भांडे पडले, की जाग येते. घड्याळही लवकरच्या दिशेने सरकते. संध्याकाळी सात-आठलाच डोळे जड होतात आणि पहाटेच्या आधीच ते उघडतात. गरज मात्र फारशी कमी होत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सात ते आठ तास झोपेची शिफारस केली आहे.

आता एक साधा हिशोब मांडून पाहावा. समजा, घरातल्या आजोबांनी साडेसातला जेवण केले आणि साडेआठला अंथरूण धरले. अडीचला जाग आली, म्हणजे रात्रीचे सहा तास झाले. दुपारी जेवणानंतर दीड तास आणि संध्याकाळी टीव्हीसमोर अर्धा तास डुलकी झाली. बेरीज आठ तासांची होते. झोप पूर्ण झालेली आहे, ती फक्त तुकड्यांत आणि वेळेआधी वाटली गेली. संध्याकाळी पाचला पोटभर खाल्ले तर रात्री जेवण जात नाही, तसेच हे आहे. पण आजोबांना वाटते, आपली झोप उडाली. मग अडीचपासून सहापर्यंत ते कूस बदलत पडून राहतात. रोज असे झाले की अंथरूण म्हणजे जागरणाची आणि काळजीची जागा, अशी मेंदूची खूणगाठ पक्की होते.

गोळीची किंमत

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्यांनी झोप लागते, हे खरे. पण उतारवयात यकृताचे काम मंदावलेले असते आणि यांपैकी अनेक औषधे शरीरात जास्त काळ रेंगाळतात. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. त्या वयात खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळू शकते. शिवाय गोंधळल्यासारखे होणे, विसरणे, दिवसभर गुंगी राहणे हे त्रास होतात. म्हणूनच अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीच्या ‘बिअर्स’ यादीत ज्येष्ठांसाठी ही औषधे शक्यतो टाळण्याचा सल्ला आहे. भारतात त्यांपैकी अनेक ‘शेड्यूल एच-१’ या गटात मोडतात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. जुनी चिठ्ठी किंवा शेजाऱ्यांची पट्टी वापरून गोळी घेणे म्हणजे ही सुरक्षेची भिंत ओलांडणे आहे.

गोळी आधीपासून सुरू असेल तर ती एकदम बंद करू नये. तसे केल्यास झोप आणखी बिघडते, घाबरे होते, काहींना झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यागणिक मात्रा कमी करत जावे लागते. हे जमते का? कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ६५ वर्षांवरील ३०३ गोळीकऱ्यांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीचे धोके आणि ती हळूहळू सोडण्याचे वेळापत्रक सांगणारी एक पुस्तिका काही जणांना देण्यात आली. सहा महिन्यांत त्यांच्यापैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्केच होते.

अंथरुणातले तास कमी करा

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषध नव्हे, तर ‘सीबीटी-आय’ ही वर्तनोपचार पद्धत सुचवली. तिचे दोन खांब आहेत.

पहिला खांब म्हणजे झोपेच्या वेळेला आवर. एक-दोन आठवडे वहीत साधी नोंद ठेवावी : किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती तास झोपलो, कितीला उठलो. समजा, नऊ तास अंथरुणात जातात आणि झोप साडेपाच तासच होते. मग सुरुवातीला सहा तासच अंथरुणात राहायचे. काकड्यासाठी साडेचारला उठायचे असेल तर रात्री साडेदहाच्या आधी आडवे व्हायचे नाही. उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला की आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटे वाढवायची. ज्येष्ठांना एकदम सहा तासांवर यायला जड जात असेल तर नऊचे साडेआठ, साडेआठचे आठ असे टप्प्याटप्प्याने यावे. पाच-साडेपाच तासांच्या खाली मात्र कधीही जाऊ नये.

दुसरा खांब म्हणजे अंथरूण फक्त झोपेसाठी. डोळे जड झाल्याशिवाय आडवे होऊ नये. वीसेक मिनिटे झाली असे वाटले आणि झोप आली नाही, तर उठून खुर्चीत बसावे, मंद दिव्यात जप करावा, वाचावे किंवा नुसते बसावे. पेंग आली की परत अंथरुणावर. घड्याळ नजरेआड ठेवावे. लहान घरांत दिवसभराची बैठक खाटेवरच असते. तिथेच जेवण, तिथेच टीव्ही, तिथेच मोबाइल. निदान दिवसा बसायला वेगळी खुर्ची ठेवावी, एवढ्याने फरक पडतो. रात्री उठण्याच्या वाटेवर छोटा दिवा असावा, पायपुसणे सरकणारे नसावे आणि काठी हाताशी असावी.

पहिला आठवडा त्रासाचा जातो. दिवसा पेंग येते, म्हणून त्या काळात दुचाकी चालवू नये. अपस्मार, बायपोलर आजार, वारंवार तोल जाणे किंवा झोपेत श्वास अडकणे असे काही असेल, तर झोपेचे तास कमी करण्याचा हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

अशा उपायांचा परिणाम टिकतो, हे जास्त महत्त्वाचे. चार्ल्स मोरिन यांनी १९९९ मध्ये ७८ ज्येष्ठांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू असताना गोळी आणि वर्तनोपचार या दोन्हींनी झोप सुधारली. पुढच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र वर्तनोपचार घेतलेल्यांचाच फायदा चांगला टिकून राहिला.

संध्याकाळ जागती ठेवा

लवकर पेंगणाऱ्यांना अंथरुणावर जायची वेळ साडेदहापर्यंत ढकलायची, म्हणजे संध्याकाळ जागेपणी काढावी लागते. इथे देहूचा जुना दिनक्रम कामी येतो. संध्याकाळी ऊन असतानाच इंद्रायणीच्या घाटावर फेरी मारावी. संध्याकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की मेंदूतले घड्याळ थोडे उशिराकडे सरकायला मदत होऊ शकते. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि कमी उजेड आत जातो, त्यामुळे दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्यांना बाहेर पडण्याची गरज अधिक. दिवेलागणीला चारचौघांत बसून म्हटलेला हरिपाठ टीव्हीसमोरची डुलकी चुकवतो. टाळ वाजवत उभे असलेल्या माणसाला पेंग येत नाही. दुपारची वामकुक्षी सोडवत नसेल तर ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाचीच असावी. एकादशीचे जागरण, बीज, पालखीचे प्रस्थान अशा दिवसांत झोप विस्कटणारच. दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ तीच ठेवली की घडी पुन्हा बसते.

योगासनांचाही आधार आहे. बेंगळुरूच्या मंजुनाथ आणि शर्ली टेलिस यांनी २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये एका वृद्धाश्रमातल्या ६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने योगाभ्यास केलेल्या गटाने झोप सुमारे दहा मिनिटे लवकर लागते आणि एकूण झोप तासाभराने वाढली, असे सांगितले.

पाळीच्या घरातले नियम

आज देहूत निवृत्त आयुष्य जगणाऱ्या अनेकांनी स्वतःही तिसरी पाळी केलेली आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या टिमोथी मंक यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, एकेकाळी पाळ्यांमध्ये काम केलेले निवृत्त लोक दिवसपाळीवाल्यांपेक्षा वाईट झोप सांगत होते. म्हणजे त्रास नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. अशा वेळी घरच्यांनी ‘आबा, परत उठलात का? झोपा की आता’ असे म्हटल्याने दडपण वाढते, झोप येत नाही. त्यापेक्षा उशिरा येणाऱ्या मुलाकडे स्वतःची किल्ली असावी, ताट आधीच झाकून ठेवलेले असावे आणि दार उघडायला आईला उठावे लागू नये.

खाण्यापिण्यातही थोडे पाहावे. चहातले कॅफीन अॅडेनोसिनचा परिणाम रोखते आणि त्याचा निम्मा भाग उतरायला पाचेक तास लागतात, म्हणून चारनंतरचा चहा बंद करावा. मिश्री आणि तंबाखूतले निकोटिन उत्तेजक असते, रात्रीची मिश्री झोप लांबवते. दारूने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री मोडते. रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर पाणी दिवसा भरपूर आणि सातनंतर कमी प्यावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टर केव्हा?

प्रत्येक निद्रानाश सवयीचा नसतो. जोरात घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे, आडवे झाल्यावर दम लागणे, पायांत वळवळ होऊन ते हलवत राहावेसे वाटणे, स्वप्नात हातपाय झाडणे किंवा ओरडणे, पहाटे जाग येऊन उदास वाटणे, कशातच मन न लागणे, ही लक्षणे असतील तर तपासणी आधी करावी. मन फार खचले असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

बाकीच्यांसाठी मोठ्या रुग्णालयाची गरज नाही. पिट्सबर्गमध्येच डॅनियल बाइसी यांच्या गटाने वर सांगितलेले दोन खांब ७९ ज्येष्ठांपैकी सुमारे निम्म्यांना शिकवले. शिकवणारी एक परिचारिका होती. चार आठवड्यांत दोन भेटी आणि दोन फोन, एवढाच उपचार. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचारानंतर ५५ टक्के लोकांना निद्रानाश उरला नव्हता. नुसती माहितीपत्रके मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. एक परिचारिका, एक वही आणि चार आठवडे एवढे भांडवल ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज उभे राहू शकते. तोपर्यंत वही घरीच उघडता येईल आणि पहिली नोंद आज रात्रीची असू शकेल.